पहिला मान

मोझेश गेला तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. नव्वदी ओलांडलेला माणूस. पिकलं पान, ते गळायचंच. देनेश गेला तेव्हा लोकांनी थंडीला बोल लावला. आल्बेर्त गेला, आणि संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला आलेल्या ब्युकोश गावच्या बायका आवाज खाली आणून बोलायला लागल्या. ऑगस्टात लोरिंत्स गेला तेव्हा तर त्या बोलायच्याच थांबल्या.

कारण हे चौघे नुसते म्हातारे नव्हते. ते रांगेतले पहिले होते.

ब्युकोशची मंडळी युनिटेरियन, एकच देव मानणाऱ्या पंथातली ख्रिस्ती. वर्षातून चारदा प्रभुभोजन: नाताळ, ईस्टर, त्यानंतर पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट आणि सप्टेंबरच्या शेवटी सुगीचा सण. त्या दिवशी पुरुष आधी उठतात, वयाच्या क्रमानं. सगळ्यांत मोठा पुढे, त्याच्यामागे त्याच्याहून लहान, अशी रांग प्रभूच्या मेजापाशी जाते आणि पाळकाच्या हातून पाव आणि द्राक्षारस घेते. गेल्या सुगीला मोझेश पुढे होता. त्यानं नाताळ पाहिला नाही. नाताळला देनेश पुढे झाला, तो ईस्टरच्या आत गेला. ईस्टरला आल्बेर्त, बैलासारखा गडी, तो गोठ्यावरच्या माळ्यावरून गवत काढताना खाली आला आणि पुन्हा उठलाच नाही. पेंटेकॉस्टला लोरिंत्स. त्याला काय झालं हे डॉक्टरलाही धड सांगता आलं नाही. आता सुगी तोंडावर आली होती, आणि पुढचा नंबर आम्ब्रुशचा होता. शारोल्ताच्या नवऱ्याचा.

बायकांचीही रांग असते, पुरुषांच्या नंतर. तिच्यात असलं काही होत नव्हतं. बोरिश्का म्हणायची, बायकांना मरायला सवड कुठे आहे.

आम्ब्रुशला विचाराल तर हे सगळं खूळ. वीस-बावीस वर्षं तो मंडळीचा कारभारी होता आणि आवाज अजून चर्चच्या घंटेसारखा खणखणीत. दुकानासमोरच्या बाकावर पालिंकाचा, फळांच्या घरगुती दारूचा, घोट घेऊन तो सुरू व्हायचा. "अरे, आपण युनिटेरियन ना? बाकीच्यांना देव तिघांत वाटून लागतो, आपण म्हटलं एकात भागतंय. जिथं देवातच काटकसर केली, तिथं भुताखेतांना कोण पोसणार?" म्हातारे हसायचे. हसून झालं की हळूच दुसरा विषय काढायचे. आणि बाकावर त्याच्या शेजारची जागा हल्ली रिकामीच राहायची.

शारोल्ताला हसू येत नव्हतं. पन्नासवर वर्षांचा संसार झाला होता. पोरं जर्मनीत, नातवंडं फोनमध्ये, घरात उरला होता तो हा एक माणूस आणि त्याचा आवाज. रात्री-अपरात्री जाग आली की तिचा हात आधी त्याच्या छातीवर जायचा. छाती वर आली की मगच ती कूस बदलायची. आपला नवरा कशालाच भीत नाही, म्हणून दोघांच्या वाटची भीती आपल्यालाच भ्यायला हवी, असं तिनं मनाशी धरलं होतं.

एक संधी आली होती. पाळकबाई एमेशे तिशीची, शिकलेली, डोक्यानं हुशार. लोरिंत्सला माती दिल्यावर तिनं मंडळीचे चेहरे वाचले असणार. पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर सगळ्यांना थांबवून ती म्हणाली, "या सुगीला रांग नको. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा त्यानं पुढे यावं. प्रभूच्या मेजापाशी कोण मोठा आणि कोण लहान?"

शारोल्ताच्या जिवात जीव आला. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूला बाक करकरलं आणि तिचाच नवरा उठून उभा राहिला.

"पाळकबाई, ही रांग तुमच्या-माझ्या आजाच्या आजाच्याही आधीची आहे," आम्ब्रुश म्हणाला. "तार्तर आले, तुर्क आले, कम्युनिस्ट पार्टीवाले आले. रांग मोडली नाही. आता जगाला काय सांगायचं, ब्युकोशचे पुरुष पावाच्या तुकड्याला घाबरले? मी राहीन की पुढे उभा."

सगळी मंडळी माना डोलवायला लागली. मोठ्यानं बोलणाऱ्याच्या पाठीमागे लपायला जागा बरी असते. एमेशेनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि विषय मिटवला. शारोल्ताला नवऱ्याचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी त्याच्या थोबाडीत द्यावीशीही वाटली.

सप्टेंबर लागला. सकाळचं धुकं दुपारपर्यंत ओढ्यातून हलेना. आलुबुखार पिकून झाडाखाली सडा पडायला लागला आणि त्या वासानं जंगलातली अस्वलं गावाच्या कुंपणापर्यंत यायला लागली. दिवस मावळला की कुणी परसात जात नव्हतं. बोरिश्काच्या अंगणात जॅमची मोठी कढई चढली होती आणि शारोल्ता तिच्या मदतीला होती, कारण हा जॅम सकाळपासून संध्याकाळपर्यंत ढवळावा लागतो आणि एकट्या बाईचे खांदे मोडतात.

"काल अस्वलानं विन्त्सेच्या झाडाच्या दोन फांद्या मोडल्या," बोरिश्का म्हणाली. विन्त्से तिचा भाऊ. "खाल्लं ते खाल्लं, वर दारात घाण करून गेलं."

"भावाला सांग, कुत्रं बाहेर ठेवू नकोस म्हणून."

"त्याला कुत्र्याचं पडलेलं नाही. तो उठल्यावर आधी मला विचारतो, आम्ब्रुशची तब्येत कशी आहे."

शारोल्ताचा हात थांबला.

"ढवळ गं, खाली लागेल," बोरिश्का म्हणाली. "आणि अशी बघू नकोस माझ्याकडे. तुझ्या नवऱ्याची काळजी तुझ्या खालोखाल माझ्या भावालाच. आम्ब्रुशच्या मागे रांगेत तोच आहे ना."

कढईत जाड बुडबुडे फुटत होते. मग शारोल्तानं विचारलं, खाली बघूनच विचारलं, "आम्ब्रुशपेक्षा मोठं असं कुणी उरलंच नाही का गं?"

"आहेत की. कब्रस्तानात रग्गड आहेत."

"मेले, चेष्टा सुचते तुला."

"जिवंत हवाय होय? मग तिकडे ब्राशो शहरात एक आहे." बोरिश्कानं हातातली लाकडी फळी कढईच्या काठावर आपटून झाडली. "तुझा एलेक."

"माझा कुठला?"

"बरं, माझा. शाळेत आम्ब्रुशच्या एक यत्ता पुढे होता."

एलेक म्हणजे गावातला पहिला मुलगा जो शहराच्या कारखान्यात गेला. जाताना त्यानं शारोल्ताला विचारलं होतं, येतेस का. ती म्हणाली होती, माझी गाय कोण बघणार. त्यात चेष्टा किती आणि खरं किती हे तिचं तिलाही तेव्हा कळलं नव्हतं. तो गेला, तिकडेच एक बायको केली, ती वारली, आता कुठल्याशा इमारतीत चौथ्या मजल्यावर एकटा राहत होता. बहीण गेल्यापासून तिचं घर, आता त्याचंच, इथं गावात कुलूप लावून पडलं होतं.

"तो किती वर्षं गावाबाहेर आहे," शारोल्ता म्हणाली. "तो कसला मोजायचा रांगेत."

"बाप्तिस्मा इथला. सणाच्या दिवशी गावात स्वतःच्या छपराखाली असला की वय धरायचं. तुझ्या नवऱ्यानंच कारभारी असताना केलेला नियम आहे हा, विसरलीस?" बोरिश्का आता तिच्याकडे बघत नव्हती. "बोलव त्याला. म्हणावं, गावात पहिला मान तुझा."

शारोल्ता जोरजोरात ढवळायला लागली.

"तू त्याला मान देणार का त्याची मान मागणार, ते तुझं तू बघ," बोरिश्का म्हणाली. "पण बोलवलंस तर आमचा विन्त्से सरपणाची गाडी नेऊन टाकेल त्याच्या दारात. एवढं मी आत्ताच सांगते."

दुसऱ्या दिवशी आम्ब्रुश गाईला घेऊन कुरणावर गेल्यावर शारोल्तानं फोन लावला. नंबर बोरिश्कानंच कुठूनसा मिळवून दिला होता.

"कोण?"

"मी. ब्युकोशहून शारोल्ता."

मग एलेक म्हणाला, "कोण गेलं?"

गावाकडून फोन येतो तो त्यासाठीच, हे त्याला पाठ झालेलं.

"कुणी नाही रे गेलं," शारोल्ता म्हणाली. "सुगीच्या सणाला ये. आणि आलास की राहा. बहिणीचं घर आम्ही साफ करून ठेवतो. गावात मोठी माणसंच उरली नाहीत, एलेक. मोझेश नाही, देनेश नाही. कुणीतरी मोठं हवं आम्हाला."

यात एक शब्द खोटा नव्हता. लबाडी करायला खोटं बोलावंच लागतं असं कुणी सांगितलं? पण संध्याकाळी दूध काढताना तिचा हात असा काही चालला की गाईनंही मागे वळून पाहिलं.

आम्ब्रुशला तिनं जेवताना सांगितलं, सहज सांगावं तसं. त्यानं सूप ढवळणं थांबवलं.

"एलेक? तो फेब्रुवारीतला ना?"

"मला काय ठाऊक."

"फेब्रुवारीतला. मी सप्टेंबरातला." मग जरा थांबून तो म्हणाला, "त्या घराचं छप्पर गळतंय. माणूस इतक्या वर्षांनी येणार, ओलीत कसा झोपेल?"

आणि ऐंशीच्या घरातला हा म्हातारा दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन एलेकच्या बहिणीच्या घराच्या छपरावर चढला. फुटकी कौलं बदलली, धुराडं साफ केलं, फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. शारोल्ता खाली शिडी धरून उभी. ज्या माणसानं कधीकाळी आपल्या बायकोला पळवायला पाहिलं, त्याच्यासाठी हा जिवाचं रान करतोय आणि आपण मात्र काय मनात धरून बसलोय, अशी तिला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली तरी तिनं फोन करून नको येऊस म्हटलं नाही. एवढं मात्र तिच्या नावावर लिहून ठेवलं पाहिजे.

एलेक बसनं आला. एक सुटकेस, एक अवजारांची पेटी, गळ्यात टाय. वाळलेला, नीटनेटका, डोक्यावर अजून केस. बसमधून उतरला आणि समोर अर्धं गाव उभं बघून त्याला वाटलं, बसमध्ये कुणी पुढारी आहे की काय. त्यानं वळून मागे पाहिलं.

मग लाड सुरू झाले. विन्त्सेनं सांगितल्याप्रमाणे सरपण आणून टाकलं, तेही सुकलेलं बीचचं, स्वतःच्या घरचं. बोरिश्कानं चीज दिलं. रांगेतल्या चौथ्या म्हाताऱ्यानं कोंबडी पाठवली, पाचव्यानं पालिंका. ज्यांच्या घरी कुणी रांगेत पुढे नव्हतं त्यांनीही काहीबाही दिलं, कारण जो नवरा आज पन्नाशीत आहे तोही कधीतरी रांगेत पुढे सरकणारच की. प्रत्येक जण एकेक पायरी मागे आला होता आणि प्रत्येकाला रात्री झोप लागायला लागली होती. डेअरीवर बोरिश्का एकदा बोलून गेली, "नाताळच्या डुकरालाही आपण इतकं चारत नाही." कुणी हसलं नाही. एकीनं तर कॅन उचलला आणि दूध न घालताच चालायला लागली.

एलेकला कुणी काही सांगितलं नाही. सांगू नका म्हणून शारोल्ता चार घरी जाऊन आली होती, पण जायची गरज नव्हती. गावात गुपित टिकत नाही म्हणतात. सगळ्यांच्या फायद्याचं असलं की छान टिकतं. पाळकबाई एमेशेनंच काय ते एकदा शारोल्ताला फाटकाशी गाठलं आणि विचारलं, "एलेककाकांना माहीत आहे ना?" शारोल्ता म्हणाली, "काय माहीत असायचंय? असल्या गोष्टींवर तुमचा विश्वास आहे का, पाळकबाई?" एमेशेचा चेहरा उतरला. विश्वास नाही म्हणणाऱ्याला पुढे बोलायला तोंड राहत नाही.

आणि वाईट हे की एलेक चांगला होता. रडका, कुरकुऱ्या, शहरी मिजास दाखवणारा असता तर बरं झालं असतं. पण तो पहिल्याच आठवड्यात पेटी घेऊन घरोघर फिरायला लागला. बोरिश्काचं कपडे धुण्याचं यंत्र दुरुस्त केलं. पाळकबाईंच्या विहिरीचा पंप चालू केला. आम्ब्रुशला त्यानं काठीला खाली लोखंडी टोक बसवून दिलं, बर्फात घसरू नये म्हणून. "या हिवाळ्यात लागेल तुला," तो म्हणाला. आम्ब्रुशनं काठी हातात घेतली, आभार मानले आणि लगेच काहीतरी काम आठवून गोठ्यात निघून गेला.

सणाच्या आदल्या दिवशी पाव भाजायचा होता. नव्या गव्हाचा पाव दर वर्षी एक घर देतं, आणि यंदा पाळी शारोल्ताची होती. पहाटे मळलेलं पीठ टोपलीत फुगून वर आलं होतं, भट्टी तापली होती. एलेक आत येऊन बाकावर बसला.

"उद्याचं मला जरा नीट सांग," तो म्हणाला. "मी सगळं विसरलोय. लोकांसमोर फजिती नको."

"त्यात काय आहे. घंटा होईल, पाळकबाई बोलावतील, पुरुष उठतील."

"मी कुठे उभा राहू?"

शारोल्तानं निखारे बाजूला ओढले. तिची पाठ त्याच्याकडे होती.

"तुला एक सांगू?" एलेक पुढे बोलायला लागला. "तिकडे जिन्यात माझ्या खालच्या मजल्यावर एक म्हातारा गेला. वास यायला लागला तेव्हा लोकांना कळलं. मी रोज त्याच्या दारावरून जायचो. तेव्हापासून मी दाराला आतून कडी लावायचं सोडून दिलं होतं, निदान फोडायला तरी नको लागायला. आणि मग तुझा फोन आला. कुणीतरी मोठं हवं आम्हाला, म्हणालीस. मी दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत होतो. म्हटलं, हिला काही काम असेल माझ्याकडे, पैसे हवे असतील. मग म्हटलं, असू दे, जे असेल ते."

शारोल्ता वळली. आता सांगावं. आत्ता, या क्षणी, तोंड उघडून सांगावं की बाबा, सुटकेस भर आणि संध्याकाळची बस पकड. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. तेवढ्यात अंगणात आम्ब्रुश खोकला. साधा खोकला, धुक्यात म्हाताऱ्या माणसाला येतो तसा. तिचे शब्द तिथंच राहिले.

"तू सगळ्यांच्या पुढे," ती म्हणाली. "सगळ्यांत मोठा तू. तो मान असतो, एलेक. गावातला सगळ्यांत मोठा मान."

"मान," एलेक म्हणाला, आणि लहान मुलासारखा लाजला.

ती वळून पाव भट्टीत सारू लागली. धगीनं डोळ्यांत पाणी आलं, असं तिनं त्याला सांगितलं.

रविवारी धुकं इतकं दाट होतं की चर्चची घंटा जमिनीखालून वाजल्यासारखी येत होती. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. मेजावर भरतकामाचा पांढरा कपडा, त्यावर शारोल्ताचा पाव आणि द्राक्षारसाचा प्याला. एमेशे प्रवचनात सुगीबद्दल बोलली, वर्ष कसं हातातून गेलं, काय मिळालं, कोण गेलं. चौघांची नावं तिनं घेतली. नेहमी सरळ बोलणारी बाई, पण आज वाक्यं मध्येच तुटत होती. शेवटी तिनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "या, मेज तयार आहे."

एलेक उठला. कोटाचं बटण लावलं आणि मेजापाशी गेला. त्याच्यामागे आम्ब्रुश, त्याच्यामागे विन्त्से, मग बाकीचे. एमेशेनं पावाचा तुकडा तोडला.

आणि एलेक मागे वळला.

"पाळकबाई, एक मिनिट," तो म्हणाला. ज्या चर्चमध्ये पाळकाशिवाय कुणी आवाज काढत नाही तिथं तो बोलला, म्हणून सगळ्यांचे कान टवकारले. "हा मोठा मान आहे, मला ठाऊक आहे. शारोल्तानं मला सांगितलं. पण मी कालचा आलेला. गावाला सोडून गेलो तो गेलोच. हे चर्च, ही रांग, सगळं आम्ब्रुशनं सांभाळलं. वयाचं काय, सहा-सात महिने इकडे-तिकडे. मान त्याचा आहे. ये, आम्ब्रुश. तू हो पुढे." तो बाजूला सरकला आणि त्यानं बायकांच्या बाजूला, शारोल्ताकडे पाहिलं. तिला काही भेट द्यावी तसा तो हसत होता.

शारोल्तानं पुढच्या बाकाची कड धरली आणि अर्धवट उठली. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागणार, या सगळ्यांसमोर, त्याच्यासमोर. आणि गप्प राहावं तर आम्ब्रुश आता जाणार. छाती काढून जाणार, मी राहीन की पुढे उभा, म्हणत. ती त्याला ओळखत होती. तिनं तोंड उघडलं.

आम्ब्रुश जागचा हलला नव्हता.

"अरे ये ना," एलेकनं त्याचं कोपर धरलं. त्याला वाटलं, भिडस्तपणा करतोय.

आम्ब्रुशनं हात हिसडला. "तू मोठा आहेस."

"पण मी म्हणतो ना—"

"मोठा तो मोठा. नियम आहे." तो घंटेसारखा आवाज कुठे गेला होता कोण जाणे, हा चिरका, पातळ आवाज शारोल्तानं पन्नास वर्षांत ऐकला नव्हता. आणि मग आम्ब्रुश एक पाऊल मागे सरला. विन्त्सेच्या पायावर त्याचा पाय पडला, विन्त्से मागे सरला, त्याच्यामागचे सरले. सगळी रांग मेजापासून मागे हटली आणि मध्ये एलेक एकटा राहिला.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला. त्यानं रांगेकडे पाहिलं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. एमेशेकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हातात तो तुकडा तसाच. बायकांकडे पाहिलं, तर नुसती रुमाल बांधलेली डोकी, सगळी खाली. शारोल्तालाही खाली बघता आलं असतं. तिनं बघितलं नाही. एवढं तरी आपण त्याचं देणं लागतो असं तिला वाटलं. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि सरपण, कोंबडी, चीज, कौलं, फोन, सगळं एकेक करून त्याच्या लक्षात येत गेलेलं तिनं तिथूनच पाहिलं.

"अस्सं," एलेक म्हणाला.

त्यानं टाय सरळ केला आणि मेजाकडे वळला. "द्या, पाळकबाई."

एमेशेनं दिलं. त्यानं पाव खाल्ला, द्राक्षारस घेतला, मान लववली आणि बाजूला झाला. मग रांग पुढे आली. भराभर आली, भराभर घेऊन गेली. बायकांची पाळी आली तेव्हा शारोल्ताही उठून गेली. स्वतः मळलेला, स्वतः भाजलेला पाव. तिला तो गिळताना पाण्याचा घोट हवासा झाला.

उपासना संपल्यावर कुणी बोलत उभं राहिलं नाही. माणसं धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. एलेक दारापाशी हॅट हातात घेऊन थांबला होता. शारोल्ता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"फोनवरच सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"तू आला नसतास."

"आलो असतो." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला पेललं असतं. "तुझ्यासाठी नव्हे, उगाच फुगू नकोस. पण आलो असतो. तिकडे मला कुणी कशालाच बोलवत नव्हतं गं."

त्यानं हॅट घातली आणि बहिणीच्या घराच्या दिशेनं निघाला. ती त्याच्या बुटांचा आवाज येईनासा होईपर्यंत तिथंच होती.

फाटकाशी आम्ब्रुश थांबला होता. "काय म्हणत होता?" त्यानं विचारलं. आवाज पुन्हा नेहमीचा झाला होता.

"काही नाही."

"बरा माणूस आहे," आम्ब्रुश म्हणाला आणि दर रविवारी धरतो तसा त्यानं तिचा हात धरला. हात ऊबदार होता. हा हात राहावा म्हणूनच तिनं सगळं केलं होतं आणि तो राहिला होता. घरापर्यंत तिनं तो सोडला नाही. फक्त त्याच्या तोंडाकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.